खलाशी पाकिस्तानच्या ताब्यात गेला, आता घरच्यांनी काय करायचं?

डहाणू तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: धाकटा दीर गुजरातमधल्या वेरावळच्या बोटीवर खलाशी आहे. गेल्या आठवड्यात बोटमालकाचा फोन आला की बोट पाकिस्तानवाल्यांनी ओढून नेली, सातही माणसं कराचीला गेली. गावातला एक जण म्हणतो, कराचीत ओळखीचा वकील आहे, पन्नास हजार द्या, दोन महिन्यांत सोडवतो. पैसे द्यायचे का, तो कधी सुटेल आणि तोवर त्याच्याशी बोलता येईल का?

ताई, पैसे देऊ नका, उधारीवर तर नकोच. असं का म्हणतो ते पुढे येईल, पण उद्या तो माणूस दारात आला तर एवढं पक्कं ठेवा.

तुम्ही याकडे कोर्टकेस म्हणून बघताय. कोणीही तसंच बघेल, कारण अटक झालीय, तुरुंग आहे, म्हणजे वकील लागणार. पण या प्रकरणात कोर्टाचा भाग सगळ्यात छोटा असतो. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते, कराचीच्या बंदरावर आणते आणि खलाशांना पोलिसांच्या ताब्यात देते. त्यांच्या १९७५ च्या मासेमारी क्षेत्राच्या कायद्याखाली आणि परकीय नागरिकांच्या कायद्याखाली गुन्हा लागतो. सगळ्या बोटीवर मिळून एकच खटला चालतो, शिक्षा बहुतेक वेळा काही महिन्यांची होते, आणि माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. आपल्याकडे पकडलेल्या पाकिस्तानी मच्छीमारांवरही १९८१ च्या कायद्याखाली असेच खटले चालतात.

खरी अडचण त्यानंतरची आहे. शिक्षा संपते, पण माणूस सुटत नाही. तो भारतीयच आहे असं भारतानं लेखी कळवावं लागतं आणि पाकिस्तान सरकारनं सोडायचं ठरवावं लागतं. या दोन्ही गोष्टी वकिलाच्या हातात नाहीत. पन्नास हजार घेणारा फार तर त्या शिक्षेच्या तारखेबद्दल काही बोलू शकेल, आणि ती तारीख तशीही निघून जाणार आहे.

आता दोन्ही देशांनी यावर काय ठरवून ठेवलंय ते सांगतो, कारण अर्जात त्याचा उल्लेख करायचा आहे. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाणिज्य दूतांच्या भेटीबद्दल करार झाला. त्यातली चार कलमं तुमच्या कामाची आहेत. एक, दुसऱ्या देशाच्या नागरिकाला अटक झाली की त्या देशाच्या उच्चायुक्तालयाला, म्हणजे दूतावासाला, ताबडतोब कळवायचं. दोन, अटकेपासून तीन महिन्यांच्या आत उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं. तीन, नागरिकत्व पक्कं झालं आणि शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्यात परत पाठवायचं. चार, आजारपण किंवा तशाच माणुसकीच्या कारणानं कोणाला लवकरही सोडता येतं. शिवाय दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या दुसऱ्या देशाच्या कैद्यांची यादी एकमेकांना देतात. ही यादी आजवर युद्धजन्य परिस्थितीतही थांबलेली नाही. १ जानेवारीलाच अणुप्रकल्पांच्या याद्याही दिल्या जातात, तो १९८८ चा वेगळा करार. बोलणी बंद, व्यापार बंद, उच्चायुक्त परत गेलेले, तरी ही दोन कागदपत्रं एकमेकांना दिली जातात. शेजाऱ्यांमधलं सहकार्य म्हणून सध्या फार थोडं उरलंय, पण तुमच्या दिरासाठी त्यातली ही कैद्यांची यादीच महत्त्वाची आहे.

करारात तीन महिने आणि एक महिना लिहिलंय, म्हणून चार महिन्यांत घरी येईल असं मात्र धरू नका. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्ताननं आपल्या ताब्यात १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी भारतीय असल्याचं, किंवा तसं समजलं जात असल्याचं, कळवलं. त्याच दिवशी भारतानं मागणी केली ती शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ जणांना सोडण्याची, आणि २६ जणांना अजून आपला अधिकारी भेटू शकलेला नाही, त्यांची भेट घडवण्याची. म्हणजे कुठे अडतं ते या आकड्यांवरूनच दिसतं.

अडण्याची कारणं दोन. पहिलं आपल्या हातातलं नाही. कराचीतली आपली वकिलात १९९४ पासून बंद आहे, त्यामुळे मलीरला भेट द्यायची तर अधिकारी इस्लामाबादहून हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून येतो, तेही तिथल्या सरकारनं तारीख दिली तर. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणली गेली. मग काम मागे पडणारच. सुटकाही एकेकट्याची सहसा होत नाही, तुकड्या निघतात, आणि तुकडी कधी निघेल हे दोन सरकारांमधलं वारं ठरवतं. मे २०१४ मध्ये दिल्लीत नव्या सरकारचा शपथविधी होता, तेव्हा पाकिस्ताननं १५१ मच्छीमार सोडले. २०२३ च्या मे महिन्यात १९८ आणि जूनमध्ये २०० जण आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ आले. पूर्वी दोन्ही देशांच्या प्रत्येकी चार निवृत्त न्यायमूर्तींची समिती एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. तिच्यामुळे आजारी आणि विसरलेले कैदी पुढे यायचे. ऑक्टोबर २०१३ नंतर तिची भेट झालेली नाही. ती समिती पुन्हा उभी राहावी यासाठी मच्छीमार संघटना मागे लागतात ते बरोबरच आहे.

दुसरं कारण मात्र आपल्या घरातलं, आणि इथेच मला तुमचा सगळा जोर हवाय. ते म्हणजे नावाची आणि पत्त्याची जुळणी.

काय होतं ते बघा. पकडल्यावर तुमचा दीर तिथल्या पोलिसाला तोंडी नाव सांगणार. पोलीस ते उर्दूत लिहिणार. उर्दूत ळ नाही, ण नाही, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. काळूचा कालू होतो, गणेशचा गनेश. पुढे कोणीतरी ते उर्दूवरून इंग्रजीत उतरवतं आणि उरलेले स्वर अंदाजानं भरतं. तिथल्या पद्धतीनं नाव आणि बापाचं नाव लिहितात, आडनाव गळतं किंवा गावाचं नाव आडनावाच्या जागी बसतं. त्यात आपल्याकडे आधारवर लक्ष्मण असलेला माणूस घरी लखमा असतो, आणि घाबरलेला माणूस घरचंच नाव सांगतो. बापाचंही तसंच.

हे नाव उच्चायुक्तालयाकडून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात येतं, तिथून गृह मंत्रालय, मग राज्याचा गृह विभाग, मग जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि शेवटी तुमच्या पोलीस ठाण्याचा बीट अंमलदार, म्हणजे तुमचा भाग बघणारा पोलीस. त्याच्या हातात एका ओळीचा कागद असतो. त्या नावाचा माणूस गावात सापडला नाही तर तो ‘आढळून आला नाही’ असा शेरा मारतो आणि कागद परत जातो. त्या शेऱ्यानं कित्येक महिने जातात, कारण सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून फिरते.

आपल्या भागात याला आणखी दोन गाठी आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचा शाळेचा दाखला, जुनं मतदार ओळखपत्र, सगळ्यांवर जिल्हा ठाणे. तुमच्या दिरानं सवयीनं ‘ठाणा जिल्हा’ सांगितलं असेल तर चौकशीचा कागद ठाण्याला जाण्याची शक्यता आहे. आणि बोट गुजरातची, टोकनवरची, म्हणजे बोट समुद्रात जाताना घेतलेल्या परवान्यावरची, माणसांची यादी मालकाच्या माणसानं गुजरातीत भरलेली, म्हणून सगळेच खलाशी ‘गुजरात’ खाली जातात. मग चौकशी वेरावळच्या जिल्ह्याच्या, म्हणजे गीर सोमनाथच्या, पोलिसांकडे, आणि ते बिचारे खरंच सांगतात की हा इथला रहिवासी नाही. पाड्याचं नावही फसवं असतं. पाटीलपाडा, डोंगरीपाडा या नावाचे पाडे कितीतरी गावांत आहेत. म्हणून नुसता पाडा कधीच लिहू नका, त्यापुढे महसुली गाव, पोस्ट, पोलीस ठाणं, तालुका, जिल्हा आणि पिनकोड हवाच.

तेव्हा साखळीतून प्रश्न आपल्याकडे यायची वाट बघत बसायचं नाही, उत्तर आधीच सगळ्यांच्या टेबलावर ठेवायचं. त्यासाठी एक पानाचं माहितीपत्रक करा, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. वर त्याचं आधारवरचं पूर्ण नाव. त्याखाली ‘ऊर्फ’ करून घरचं नाव, बोटीवर हाक मारतात ते नाव, आणि इंग्रजीत होऊ शकतील ती दोन-तीन स्पेलिंगं. मग वडिलांचं नाव, तेही असंच दोन्ही रूपांत. आई आणि बायकोचं नाव. जन्मतारीख माहीत नसेल तर आधारवरची. पत्ता वर सांगितला तसा, आणि शेवटी ‘पूर्वीचा जिल्हा ठाणे’ एवढे तीन शब्द. ओळखीच्या खुणा विसरू नका: हातावर नाव गोंदलेलं असेल तर कोणत्या हातावर आणि काय, जुनी जखम, तुटलेलं बोट. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. गुजरातच्या बोटींचा क्रमांक आयएनडी, जीजे, मग बंदराचा आकडा, मग एमएम आणि पुढे चार-पाच अंक असा असतो. वेरावळचा आकडा ३२ आणि पोरबंदरचा २५. बोटीच्या नावानं शोधू नका, एकाच देवाच्या नावाच्या बोटी बंदरात डझनानं असतात. शेवटी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, धरून बरोबरच्या सहाही जणांची नावं आणि गावं. हे फार उपयोगी पडतं, कारण एकाचं नाव यादीत चुकलं तरी बाकीच्यांवरून तो कोण ते कळतं.

या पत्रकाला आधार, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, असेल तर मच्छीमाराचं बायोमेट्रिक कार्ड आणि सहकारी संस्थेचा दाखला यांच्या प्रती जोडा. आधारच्या प्रतीवर फोटो काळा येतो, म्हणून एक वेगळा पासपोर्ट फोटो लावा आणि मागे नाव लिहा. त्याची मूळ कागदपत्रं बोटीवर गेली असतील तर घाबरू नका. आधार क्रमांक माहीत नसला तर गावच्या रास्त भाव दुकानात किंवा बँकेत विचारून बघा.

आता हे कुठे द्यायचं. पहिल्यांदा तुमच्या पोलीस ठाण्यात, अर्ज म्हणून. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. तक्रार नाही, गुन्हा नोंदवा असंही म्हणायचं नाही. ‘नागरिकत्व पडताळणी येईल तेव्हा ही माहिती जोडावी’ एवढंच लिहा. बीट अंमलदाराला एकदा घरी बोलवून आई-बायकोशी भेट घालून द्या. पुढे कागद आला की त्याला माणूस आठवला पाहिजे. मग पालघरला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे एकेक प्रत. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारींसाठी. त्यावर तुमच्या नावानं खातं काढा, देश पाकिस्तान आणि कार्यालय इस्लामाबाद निवडा, इंग्रजी पत्रक जोडा. क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर लिहा. खासदारांच्या कार्यालयातही प्रत द्या. नुसतं शिफारसपत्र मागू नका, संसदेत लेखी प्रश्न विचारायला सांगा. प्रश्न स्वीकारला गेला की त्याला मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ते देण्यासाठी फाईल उघडावी लागते.

दिराला दमा, मधुमेह, फिट्स, क्षयाचं जुनं औषध, काहीही असेल तर पत्रकात ठळक लिहा आणि सरकारी दवाखान्याचे केसपेपर जोडा. माणुसकीच्या कारणानं लवकर सुटकेचं जे कलम वर सांगितलं, ते वापरायला आपल्या अधिकाऱ्याच्या हातात कागद लागतो. नसलेला आजार मात्र लिहू नका, तिथली तपासणी वेगळी निघाली तर बाकीच्या माहितीवरचाही विश्वास जातो.

बोटमालकाशी भांडू नका, पण त्याच्यावर विसंबूनही राहू नका. त्याचा जीव बोटीत अडकलेला असतो आणि ते स्वाभाविक आहे, बोट लाखांची असते आणि पकडलेल्या बोटी सहज परत येत नाहीत. २०१५ मध्ये ५७ बोटी परत आल्या, तशी उदाहरणं मोजकीच. त्याच्याकडून तुम्हाला तीन गोष्टी आत्ताच, फोन लागतोय तोवर घ्यायच्या आहेत: बोट सुटतानाच्या टोकनची प्रत, ज्यावर दिराचं नाव आहे, बोट पकडल्याची जी खबर त्यानं तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला दिली तिची प्रत, आणि उचल किती दिली होती, पगार कुठवर चुकता झाला याचा हिशोब त्याच्या सहीनं. टोकनच्या यादीत नाव नसेल, म्हणजे कोणाच्या बदल्यात ऐनवेळी चढला असेल, तर हे लगेच लेखी कळवा आणि मालकाकडून तसं पत्र घ्या. नाहीतर तो त्या बोटीवर होता हेच पुढे सिद्ध करावं लागतं.

घरखर्चाचं. गुजरात सरकार पाकिस्तानच्या तुरुंगातल्या मच्छीमारांच्या कुटुंबांना दिवसाप्रमाणे ठरावीक मदत देतं. आपलं कुटुंब महाराष्ट्रातलं, बोट गुजरातची, म्हणून दोन्हीकडची कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पालघरच्या कार्यालयाला लागू असलेला शासन निर्णय दाखवायला सांगा. तोंडी ‘तुम्हाला नाही मिळत’ यावर परत फिरू नका, नकार असेल तर तोही लेखी द्या म्हणा. पैसे जावेच्या नावावरच्या आधार-जोडलेल्या खात्यात यावेत. दिराच्या एकट्याच्या खात्यात आले तर तो येईपर्यंत काढता येणार नाहीत.

बोलता येईल का, असं विचारलंत. फोनवर बोलणं होईल असं धरू नका. पत्रं पूर्वी टपालानं जायची यायची, पण मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून येणारं टपाल भारतानं थांबवलं. उच्चायुक्तालयाचा अधिकारी भेटायला जातो तेव्हा निरोप पोहोचवता येतो, म्हणून ‘मदद’वर पत्र जोडून ठेवा. पत्र एका पानाचं, साध्या मजकुराचं असू द्या: घरी सगळे बरे आहेत, पोरगं शाळेत जातं, कागद दिलेत, नाव विचारलं तर आधारवरचंच सांग. शेवटचं वाक्य नक्की लिहा. बोट कुठे पकडली, हद्दीच्या आत की बाहेर, यावर पत्रात, फेसबुकवर किंवा वार्ताहरांसमोर काही बोलू नका. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीतल्या हद्दीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे त्यापुढची समुद्रातली हद्दही दोन्ही देशांनी मिळून आखलेली नाही. समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ७३ व्या कलमाप्रमाणे दोन देशांत तसं ठरलेलं नसेल तर नुसत्या मासेमारीसाठी तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, आणि त्या करारात दोन्ही देश आहेत. ते भांडण सरकारनं मांडायचं आहे. तुमचं म्हणणं एकच: हा आमचा माणूस, हे त्याचे कागद.

किती दिवस, याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे दोन-तीन वर्षांची मनाची तयारी ठेवा. कागद चोख असतील आणि मध्येच एखादी तुकडी निघाली तर आधीही येईल. त्याहून जास्त लागलेलीही माणसं आहेत. पंजाबातल्या सीमेवरचा अटारीचा नाका एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला म्हणून आता कोणीच येणार नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये भारतानं ६७ पाकिस्तानी कैदी अटारीवरूनच परत पाठवले. कैद्यांसाठी ते फाटक उघडतं.

सुटकेची बातमी आली की आधी यादीतलं नाव तपासा, मग मत्स्यव्यवसाय कार्यालयाला फोन करा. अटारी-वाघा सीमेवर ताबा मिळाल्यावर आपले अधिकारी तात्पुरत्या प्रवासपत्रावरून ओळख पटवतात, वैद्यकीय तपासणी होते, चौकशी होते, त्यात एक-दोन दिवस सहज जातात. त्यानंतर गुजरातचे अधिकारी सगळ्यांना बहुतेक वेळा रेल्वेनं बडोद्याला आणि तिथून बसनं वेरावळला नेतात. आपल्या पोरांनी उलटं वेरावळपर्यंत जायची गरज नाही, बडोदा वाटेतच येतं. पालघरच्या कार्यालयानं आधी पत्र दिलं तर त्यांना बडोद्याला उतरवून घेता येतं, आणि तिथून डहाणू काही तासांवर आहे.

तुमच्या पाड्यावरून ऑगस्टमध्ये आणखी पोरं जाणार असतील, तर त्यांच्यासाठी थोडं. बोटी हद्द ओलांडतात त्या बऱ्याचदा मासळीच्या मागे, पण कितीतरी वेळा रात्री जाळं टाकून सगळे झोपल्यावर ओढीनं किंवा इंजिन बंद पडून वाहत जातात. तांडेलाला सांगून जीपीएसवर हद्दीच्या पाच सागरी मैल अलीकडे इशारा लावून घ्या, एक माणूस जागा ठेवा, आणि ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, बंद करणाऱ्या बोटीवर चढू नका. इंजिन गेलं आणि बोट पश्चिमेला सरकायला लागली तर लाज न धरता व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर तटरक्षक दलाला बोलवा. रेंजमध्ये असाल तर १५५४ आहे, सागरी पोलिसांचा १०९३. आणि वर सांगितलेलं ते एक पानाचं पत्रक जाण्याआधीच भरून, फोटो लावून, एक प्रत घरी आणि एक संस्थेच्या कपाटात ठेवून जा. ताई, तुमचा दीर होता त्या बोटीवरच्या बाकी सहा जणांच्या घरीही हेच पत्रक लागणार आहे. तुम्हाला लिहिता येतं, तर त्यांचंही भरून द्या, आणि सातही पत्रकं एकत्र जोडून पाठवा.